आल्याचं रक्त, राहिल्याचं रक्त

केशरबाईची आणि माझी ओळख भांडणातून झाली. कळमनुरीच्या बस स्टँडसमोर माझी एका गाळ्यातली लॅब होती. पाटीवर मी हौसेनं 'पॅथॉलॉजी लॅबोरेटरी' असं रंगवून घेतलं होतं, पण आसपासची सगळी गावं तिला 'शिलाबाईचं रक्ताचं दुकान' म्हणायची. त्या दुकानाच्या पायरीवर बसून एक बाई भुईमुगाच्या शेंगा खात होती आणि टरफलं खुशाल माझ्या दारात टाकत होती. मी झाडू आणून तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं टरफलं झाडली, वर माझा अर्धा ओटाही झाडून दिला आणि झाडू परत करताना विचारलं, की पोटात लेकरू हाय का न्हाई हे रक्त बघून कळतं का, आणि कळतं तर किती लवकर.

'किती लवकर' या दोन शब्दांवर तिचा सगळा भर होता. माझ्याकडे येणाऱ्या बाकीच्या बायांना लवकर-उशिराचं काही नसायचं. पाळी चुकून महिना-दीड महिना उलटला की त्या यायच्या, बाटलीत लघवी द्यायच्या, पट्टीवर दोन रेघा दिसल्या की लाजत किंवा कपाळाला हात लावत घरी जायच्या. हिला मात्र ट्रक यायच्या आधी कळायला हवं होतं. कुठला ट्रक, असं मी विचारलं तेव्हा ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की एवढं शिकूनही हिला ट्रक माहीत नाही.

ट्रक म्हणजे ऊसतोडीचा. दिवाळी झाली की कळमनुरीच्या आसपासचे बंजाऱ्यांचे तांडे रिकामे व्हायचे. मुकादमाचा ट्रक यायचा, भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं सगळं त्यात भरलं जायचं आणि माणसं सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्यांवर निघून जायची, ती अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला परत. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यानं ऊस तोडायचा, तिनं पाला काढायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून चालत जाऊन ट्रकात टाकायची. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि केशरबाईच्या तांड्याचा मुकादम किसनसिंग अर्धा कोयता घेत नसे. जोडी असेल तर चला, नसेल तर घरी बसा, असा त्याचा सरळ हिशेब होता.

केशरबाईचा जन्म सेनगावकडच्या एका तांड्यातला. एक्क्याण्णव साली, सोळा-सतरा वर्षांची असताना ती लग्न होऊन कळमनुरीच्या माळावरच्या खेमा नाईकाच्या तांड्यात आली. बंजाऱ्यांत नवरी सासरी निघताना आईच्या, बहिणीच्या गळ्यात पडून सुरात रडते. ती रीतच आहे. केशरबाईनं म्हणे असा काही आवाज लावला होता, की पलीकडच्या तांड्यातली माणसं काय झालं ते बघायला पळत आली. हे तिनं मला स्वतः सांगितलं आणि सांगताना तिला त्या आवाजाचा अभिमान वाटत होता. तिचा नवरा गोपीचंद मात्र अगदी गरीब माणूस. दहा प्रश्न विचारले तर एकाचं उत्तर द्यायचा, तेही मान हलवून. त्या घरात बोलायचं काम केशरबाई करायची आणि ओरडायचं काम तिची सासू नीलाबाई.

दरवर्षी दोघं ट्रकात बसून जायची आणि दरवर्षी परत यायची. बारा वर्षांत तीन वेळा तिला दिवस गेले आणि तिन्ही वेळा ते उसाच्या फडातच संपलं. पहिल्या वेळी तिला आपण गरोदर आहोत हेच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वेळी शंका होती, पण मोळ्या कोण वाहणार म्हणून ती गप्प राहिली. तेव्हा नीलाबाईही फडावर असायची आणि पाचटाच्या खोपीत सुनेशेजारी तीच बसून राहायची. पुढं तिचे गुडघे धरले म्हणून तिनं जाणं सोडलं आणि ती बकऱ्या राखत तांड्यावर राहायला लागली. तिसऱ्या वेळी केशरबाई शहाणी झाली होती. ट्रकाच्या आदल्या दिवशी तिनं मेडिकलमधून पट्टी आणून तपासणी केली. एकच रेघ आली. नाही म्हणजे नाही, अशा मोकळ्या मनानं ती गेली. दीड महिन्यानं फळीवर चढताना तिच्या पोटात कळ आली आणि डोक्यावरच्या मोळीसकट ती खाली बसली.

तांड्यात कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं देवीचं काही राहिलंय. केशरबाईचं मत वेगळं होतं. आपण उचलतो म्हणून ते पडतं, आणि आपल्याला कळतच नाही म्हणून आपण उचलतो, असा तिनं तिचा निष्कर्ष काढला होता. मग आधी कळलं तर उचलणार नाही, एवढी साधी गोष्ट. तीन गर्भ गमावलेल्या बाईनं रडत न बसता एवढा सरळ विचार करावा, याचं मला फार कौतुक वाटलं.

मी तिला सांगितलं, की पट्टी खोटं बोलली नसेल, तिला तेव्हा दिसलंच नसेल. गर्भ रुजला की बाईच्या रक्तात एक द्रव्य उतरायला लागतं. बीटा एचसीजी असं त्याचं नाव. सुरुवातीला ते इतकं थोडं असतं, की लघवीच्या पट्टीला त्याचा पत्ता लागत नाही. रक्ताच्या तपासणीला मात्र थोडं असलं तरी कळतं, आणि किती आहे त्याचा आकडाही सांगता येतो. ती तपासणी माझ्याकडे होत नव्हती. मी रक्त काढून, त्यावरचं पिवळं पाणी वेगळं करून, बर्फाच्या थर्मासातून बसनं नांदेडला पाठवायची, तिथली लॅब रोज दुपारी ती तपासणी लावायची आणि संध्याकाळी मला फोन करायची.

हे सगळं ऐकून घेऊन केशरबाई म्हणाली, की दिवाळीनंतर येते. जसं काही दिवाळीनंतर दिवस जाणारच आहेत. तिच्या या खात्रीचं मला हसू आलं.

आणि ती खरंच आली. दोन हजार तीनची दिवाळी नुकतीच झाली होती. मंगळवारी सकाळी तिच्या काचळीवरच्या, म्हणजे चोळीवरच्या, आरशांची आणि झुमक्यांची खुळखुळ आधी ऐकू आली, मग ती दिसली, मग तिच्यामागं गोपीचंद आणि त्याच्याही मागं बिडी ओढत नीलाबाई. पाळी दोन-तीन दिवस पुढं गेली होती. तेवढ्यावरून काहीच ठरत नाही, पण ट्रक शुक्रवारी दुपारी येणार होता. आमच्या इथल्या डॉक्टर मिना मॅडमनी चिठ्ठी लिहून दिली होती, बीटा एचसीजी करून घ्या म्हणून.

नीलाबाईनं पायरीवरूनच तोफ डागली. रक्त काढल्यानं पोट पातळ होतं, असलेलं लेकरू निघून जातं, शिकलेल्या बायांना दुसऱ्याच्या सुनेच्या अंगातून रक्त काढायची हौसच असते. मी म्हटलं, आजीबाई, बिडी बाहेर टाकून आत या. तिनं बिडी टाकली नाही आणि ती आतही आली नाही.

खरी अडचण पुढंच होती. केशरबाईच्या दोन्ही दंडांवर पांढऱ्या बांगड्यांचा घट्ट चुडा होता, थेट कोपरापर्यंत उतरलेला. मनगटापासून वरही तशाच बांगड्या. मधे चार बोटं जागा. रक्त काढायचं तर दंडाला रबरी नळी आवळावी लागते, तेव्हा शीर फुगते. दंडाला नळी बांधायला जागाच नव्हती. मी सहज म्हणाले, की वरच्या चार बांगड्या काढून ठेवा.

 केशरबाईनं गोपीचंदकडे बघितलं. गोपीचंदनं माझ्याकडे बघितलं. बाहेर नीलाबाईची बिडी तोंडातच राहिली. आपण काय बोललो ते माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. दंडावरचा तो चुडा नवरा गेल्यावरच उतरतो.

"हा उभा हाय ना, बाई, समोर," केशरबाई मला समजावत म्हणाली. "चांगला जिता हाय."

मग मी गोपीचंदलाच कामाला लावलं. त्याला म्हटलं, चुड्याच्या खाली, ह्या चार बोटांच्या जागेत दोन्ही हातांनी गच्च धरा, मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. बारा वर्षं कोयता धरलेले ते हात. रबराच्या नळीनंही फुगली नसती अशी शीर केशरबाईच्या हाताच्या पाठीवर फुगून आली. मी सुई घातली. गोपीचंदनं डोळे मिटून घेतले होते आणि तो इतका जोर लावत होता, की मलाच सांगावं लागलं, भाऊ, रक्त काढायचंय, हात तोडायचा नाही. केशरबाई मात्र डोळे मोठे करून नळी भरताना बघत होती. एवढं काळं काहून हाय, हे सगळं माझंच हाय का, असं तिनं विचारून घेतलं.

बुधवारी संध्याकाळी नांदेडहून फोन आला. आकडा बेचाळीस. तिघंही माझ्याच दुकानात बसून होती. त्यांना मी सरळ मिना मॅडमकडे घेऊन गेले, कारण आकडा सांगणं हे माझं काम, त्याचा अर्थ सांगणं त्यांचं. मॅडमनी चष्मा वर केला आणि सांगितलं, की आहे. गर्भ आहे. पण आकडा लहान आहे. अगदी सुरुवात असेल म्हणून लहान असेल, किंवा रुजून लगेच सुटायला लागला असेल म्हणूनही लहान असेल. एका आकड्यावरून ते कळत नाही. गर्भ टिकणार असेल तर हा आकडा साधारण दोन दिवसांत दुप्पट होतो. म्हणून गुरुवारी पुन्हा रक्त द्यायचं. तोवर गोळ्या सुरू करायच्या. ओझ्यानंच आधीचे गेले असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, पण तीन गेल्यावर आता हंडाभर पाणीसुद्धा उचलायचं नाही.

परत येताना केशरबाई रस्त्यात थांबली आणि मला म्हणाली, "म्हंजे एक रक्त आल्याचं, आन् एक रक्त राहिल्याचं."

मी म्हटलं, व्हय, बराबर. इतकी वर्षं मी लोकांना ही तपासणी समजावते आहे, यापेक्षा चांगलं मला कधी जमलं नाही. नीलाबाईला मात्र ते बिलकुल पटलं नव्हतं. एकदा घेतलं ते काय सांडलं का, असं तिनं मला विचारलं. गुरुवारी पुन्हा गोपीचंदनं दोन्ही हातांनी पकड घातली, पुन्हा डोळे मिटले, आणि थर्मास संध्याकाळच्या बसनं नांदेडला गेला.

आता घोळ असा होता, की त्या रक्ताचा निकाल शुक्रवारी संध्याकाळी येणार आणि ट्रक शुक्रवारी दुपारी निघणार.

शुक्रवारी ट्रक बस स्टँडच्या पलीकडे उभा राहिला. त्यात दुसऱ्या तांड्यांतली माणसं आधीच भरलेली होती. खेमा तांड्याची माणसं माळावरून सामान घेऊन उतरली. केशरबाई रिकाम्या हातानं आली होती, पण तिच्या वाटचं गाठोडं बांधून झालं होतं आणि ते गोपीचंदच्या खांद्यावर होतं. ती आधी माझ्याकडे आली. मी नांदेडला फोन लावला, विनवण्या केल्या. तिकडचा माणूस म्हणाला, मॅडम, मशीनला घाई करता येत नाही, संध्याकाळीच सांगतो.

मी ते तिला सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला त्या नांदेडवाल्याचा, किसनसिंगचा, साऱ्या कारखान्यांचा राग आला. ती थांबली आणि संध्याकाळी नांदेडहून 'नाही' आलं, तर दोघांचाही हंगाम बुडाला, कारण ट्रक काही परत येणार नव्हता. ती गेली आणि संध्याकाळी 'आहे' आलं, तर ते ऐकायला ती इथं नसणार आणि सोमवारी डोक्यावर मोळी असणार.

आम्ही ट्रकाजवळ गेलो. किसनसिंग वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. पण टोळीत एक कोयता कमी पडला तर बाकीच्यांवर भार येतो, आणि अर्धा नेला तर टोळीत रोज कटकट होते, हे त्याचंही खरं होतं. अर्धा तास थांबतो म्हणाला, तेवढ्यात जोडी पुरी करा. गोपीचंद पहिल्यांदाच न विचारता बोलला. तो म्हणाला, न्हाई जायचं. घरी बसू. केशरबाई म्हणाली, आन् खायचं काय. मग ती मला म्हणाली, की बाई, म्या जाते, हळूच उचलीन, लहान मोळी बांधीन. लहान मोळी कोणी बांधू देत नाही हे तिलाही माहीत होतं. ती ट्रकाच्या फाळक्याला धरून उभी राहिली आणि पाय वर टाकणार, एवढ्यात नीलाबाईनं मागून तिची ओढणी धरून ओढली.

नीलाबाई त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला म्हणून आली होती. दोन बकऱ्याही तिच्याबरोबर होत्या. तिनं बकऱ्यांची दोरी केशरबाईच्या हातात दिली. मग गोपीचंदच्या खांद्यावरचं गाठोडं खाली घेतलं, सोडलं, त्यातून सुनेचा कोयता काढून स्वतःच्या कमरेला खोचला आणि किसनसिंगला म्हणाली, "झाला कोयता पुरा. चढव माणसं."

किसनसिंग म्हणाला, म्हातारे, तुझे गुडघे चालत न्हाईत म्हणून तर तू चार वर्षं घरी हाय. नीलाबाई म्हणाली, की गुडघे चालायला लागतात, मोळी डोक्यावर घ्यायची असती.  गोपीचंद 'याडी, याडी' करत राहिला. याडी म्हणजे आई.  एवढे दिवस जिनं रक्त काढू नका म्हणून माझं डोकं खाल्लं, तीच बाई बेचाळीस या एका आकड्यावर ट्रकात चढत होती. संध्याकाळी काय येणार हे तिला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

चढताना तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, फोन लावायला सांगेल. तिनं उलटंच सांगितलं.

"मला काही कळवायचं न्हाई. चांगलं बी न्हाई, वाईट बी न्हाई. म्या पहिली दोन लेकरं ह्या हातानं मातीत घातली तिकडं. वाईट कळलं तं माझ्यानं मोळी उचलंना. आन् चांगलं कळलं तं रोज भ्या वाटंल."

गोपीचंदलाही तिनं तीच शपथ घातली आणि ट्रक निघून गेला. मागं केशरबाई बकऱ्यांची दोरी धरून उभी होती. मी तिला आत आणून बसवलं, चहा दिला, तो तिनं घेतला नाही.

संध्याकाळी फोन वाजला. आकडा ब्याण्णव होता. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. केशरबाई समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी नुसती मान हलवली. राहिलंय, म्हणाले.

मला वाटलं होतं ती आनंदानं ओरडेल, निदान लग्नातल्यासारखा सूर तरी लावेल. ती पदरात तोंड घालून बारीक आवाजात रडायला लागली. म्हातारीला परत बोलवता येईल का, असं तिनं विचारलं. ते शक्य नव्हतं. मग म्हणाली, की म्हातारी तिकडं माझं वझं उचलणार आन् म्या हितं बसून भाकर खाणार. मी तिला म्हटलं, की भाकर नीट खा, तेवढंच तुमच्या हातात आहे. याहून शहाणपणाचं मला काही सुचलं नाही.

पुढचे पाच महिने केशरबाईनं काहीही उचललं नाही. अगदी काहीही. रिकाम्या झालेल्या तांड्यात पाच-सहा म्हातारी माणसं उरली होती. त्यांतला संतराम नावाचा एक म्हातारा तिला हातपंपावरून पाणी आणून द्यायचा, आणि आख्ख्या तांड्यात मलाच का गाठलं म्हणून कुरकुरायचा. बाजाराच्या दिवशी ती माझ्याकडे यायची. पाव किलो मिरच्यांची पिशवीसुद्धा ती मलाच गाडीपर्यंत न्यायला लावायची. मी चिडवलं, की केशरबाई, पदर तरी उचलता का, का त्यालाही माणूस लावू. ती हसायची, पण पिशवी घ्यायची नाही. मिना मॅडमनी सोनोग्राफीत ठोका दाखवला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, की हे म्हातारीला दाखवता येईल का.

गोपीचंदनं एकदा फोन केला होता. कारखान्याजवळच्या बूथवरून. त्याला मी सगळं सांगितलं.   तो म्हणाला, की याडीची शपथ हाय, तिला न्हाई सांगता येत. ती कशी आहे, असं मी विचारलं. "मोळी उचलून राहिली," तो म्हणाला. मग त्यानं सांगितलं, की रात्री ती गुडघ्यांना गरम विटेचा शेक देते आणि सकाळी सगळ्यांच्या आधी फडात उभी असते. त्या फोननंतर त्यानं सांगून टाकायचं दोनदा मनात आणलं, पण ती दुरूनच हात वर करून त्याला गप्प करायची, हे मला तो परत आल्यावर कळलं. त्याला वाटलं होतं, आपल्या तोंडावरून तिला कळेल. पण ती त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. माझ्या धंद्यात मी रोज बघते, माणसांना अर्धा दिवस थांबवत नाही. कळलं का, आलं का, काय निघालं, म्हणून दर तासाला येऊन विचारतात. आणि ही बाई पाच महिने, आहे का नाही हे न विचारता, असेल त्याच्यासाठी ओझी वाहत होती. आजही ते आठवलं की मला गलबलून येतं.

मुलगी जुलैत झाली. चांगली सुदृढ झाली, तिचं नाव राणी ठेवलं, आता ती शाळेत जाते आणि बोलायला आईच्या वरताण आहे. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. ट्रक परत आला त्या दिवसाचं.

त्या वर्षी ऊस लवकर सरला. मार्चच्या शेवटी, भर उन्हाच्या वेळी ट्रक बस स्टँडपाशी येऊन थांबला. केशरबाई सकाळपासून माझ्या पायरीवर बसून होती. सातवा महिना लागला होता. माणसं धपाधप खाली उड्या मारत होती, पोरं रडत होती, कोंबड्या ओरडत होत्या. नीलाबाईला दोन बायांनी काखेत धरून उतरवलं. आधीच वाळलेली बाई, आता नुसती कातडी उरली होती. उसाच्या पात्यांनी हात, कपाळ, गाल सगळं चिरलेलं. खाली उतरल्यावर ती ट्रकाला धरून तशीच उभी राहिली. तिनं मान वर केली नाही. तिला बघायचं नव्हतं, हे मला एवढ्या लांबूनही कळत होतं.

केशरबाई उठून रस्ता ओलांडून गेली. मी मागोमाग गेले. ती सासूच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली, तशी नीलाबाईची नजर आधी तिच्या पायांवर गेली आणि तिथून हळूहळू वर आली. पोटावर येऊन थांबली. बराच वेळ तिथंच राहिली.  तिनं चिरलेला हात पुढं केला आणि पोटाला लावायच्या आधीच मागं घेतला, खरखरीत आहे म्हणून की भीती वाटली म्हणून, कोण जाणे. केशरबाईनं तो धरून आपल्या पोटावर ठेवला.

गोपीचंद वरून सामान खाली देत होता. भांड्यांचं गाठोडं त्यानं फाळक्यावर ठेवलं. इतक्या वर्षांची सवय, केशरबाईनं न कळत दोन्ही हात वर केले. म्हातारीनं त्या हातांवर सपकन चापट मारली.

"हात खाली," ती म्हणाली. "म्या हाय अजून."

आणि गाठोडं तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. गोपीचंद, किसनसिंग, मी, सगळे पुढं झालो, पण तिनं ते कुणालाच दिलं नाही. लंगडत लंगडत ती माळाच्या वाटेला लागली, आणि तिच्यामागून केशरबाई रिकाम्या हातांनी मोठ्यानं रडत चालली.